साखळीचं तेल

“ऋणनिर्देशात तुम्ही सगळ्यात आधी सायकलीचे आभार मानलेत,” परीक्षक म्हणाले. “आईवडील दुसऱ्या ओळीत. असं का?”

मागच्या रांगेत तिचे बाबा खाकरले. पीएचडीच्या तोंडी परीक्षेला घरच्यांनाही बसता येतं, हे तिनेच त्यांना हौसेने सांगितलं होतं. आता ती स्वतःवरच चरफडत होती.

परीक्षक बाहेरगावचे. विद्यार्थी त्यांना ‘करवत’ म्हणत, आणि उगीच म्हणत नसत. मागच्या खेपेला त्यांनी ज्याचा प्रबंध परत पाठवला, तो बिचारा अजून प्रयोगच करत बसला होता. तिला तसं बसून चालणार नव्हतं. संशोधन केंद्रातली नोकरी पदवीवर अडली होती.

“सर, शाळेत असताना माझी साखळी सारखी उतरायची,” ती म्हणाली. “बसवता बसवता तेलाचाच नाद लागला. कुठलं टिकतं, कुठलं वाहून जातं. पुढे रसायनशास्त्र घेतलं ते त्यापायीच.”

आणि बँकेतली चांगली नोकरी सोडली तीही त्यापायीच, असं बाबा मनात म्हणाले असणार. घरी ते मोठ्याने म्हणायचे. “सायकल काय पोटाला घालणार आहे का तुला?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

करवतसरांनी पानं उलटली. बियांच्या तेलापासून तिने वंगणाचे बरेच नमुने बनवले होते. त्यातल्या सातव्याने घर्षण मोजायच्या यंत्रावर बाजारातल्या भल्याभल्या वंगणांना धूळ चारली होती. आलेख असे देखणे, की मार्गदर्शक सरांनी मुखपृष्ठावरसुद्धा एक छापून घेतला होता.

“आज इथे सायकलवरच आलात ना? मग तिच्या साखळीला यातला कोणता नमुना लावलाय?”

मार्गदर्शक सरांचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण शब्द स्वच्छ दिसला. सातवा.

एवढा एक शब्द बोलायचा आणि सुटायचं. तो तिच्या जिभेवर आलाही. पण काही केल्या तिला साखळीच्या बाबतीत खोटं बोलता येईना.

“एकही नाही, सर.”

“मग?”

“शिलाई मशीनचं तेल.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मार्गदर्शक सरांनी चष्मा काढला आणि स्वच्छ काचा पुसायला घेतल्या.

“सातवा लावून पाहिला होता,” ती घाईने म्हणाली. “सुरुवातीला साखळी लोण्यासारखी चालली. मग त्यावर धूळ चिकटली, त्याचा चिखल झाला आणि दातेरी चाकाचे दाते झिजले. आमच्या यंत्राच्या खोलीत धूळ नसते, सर. रस्त्यावर असते.”

“हे प्रबंधात कुठे आहे?”

“लिहिलं होतं. काढलं.”

कुणी काढायला लावलं, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, सगळी खोली चष्मा पुसणाऱ्याकडेच बघत होती.

परीक्षकांनी प्रबंध मिटला. तिला तो परत पाठवलेला प्रबंध आठवला. झालं, बसा आता प्रयोग करत.

“आठवडाभर वाचतोय हे,” ते म्हणाले. “सारखं वाटत होतं, इतकं गुळगुळीत कसं? कुठे काही अडतच नाही! म्हटलं, पोरगी फार हुशार तरी आहे, नाहीतर थापाडी तरी.” त्यांनी खिशातून पेन काढलं. “ती पानं आहेत अजून?”

“आहेत, सर.”

“जोडा. तेच तुमचं शेवटचं प्रकरण. माझी सही आत्ताच घ्या.”

“मी तरी दुसरं काय म्हणत होतो!” मार्गदर्शक सर टुणकन उभे राहिले.

ती मात्र खाली बसली. हसूही येत होतं आणि रडूही. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

बाहेर बाबा जिन्यापाशी थांबले होते.

“शिलाई मशीनचं तेल,” ते म्हणाले. “म्हणजे आईच्या मशीनचं?”

तिने मान डोलावली.

“बाटली रिकामी दिसली की आई माझ्या नावाने शंख करायची. दाराच्या बिजागऱ्यांना ओतता म्हणून. शेवटी शेवटी तर मलाच वाटायला लागलं, ओतत असेन बुवा.”

“बाबा, सॉरी.”

“सॉरी काय!” त्यांनी डोळे पुसले, वर धूळ गेली म्हणाले. “आईला सगळं तुमच्या तोंडाने सांगा, म्हणजे मी सुटलो. आणि चला, डॉक्टरबाई, वाटेत दुकान लागेल. साखळीच्या तेलाची बाटली मी घेऊन देतो.”