शेवटच्या खोलीतलं बिऱ्हाड

"वर काय ठेवता?" तपासनीसाने जिन्याकडे हात करून विचारलं.

"बिऱ्हाडं," गोदामवाला म्हणाला.

"म्हणजे?"

"जुनं घर सोडलं, नवं अजून मिळालं नाही, असे लोक सामान आणून टाकतात, साहेब. पलंग, कपाटं, भांडीकुंडी. खाली पोत्यांचा माल, वर बिऱ्हाडं. आमच्यात असंच म्हणतात."

तपासनीस मान डोलावून पुन्हा पोत्यांकडे वळला. मालकाने नवाच नेमलेला हा माणूस भलताच चौकस निघाला. आल्या आल्या त्याने आग विझवायची लाल नळकांडी हलवून बघितली, मग वाकून वाकून उंदरांच्या लेंड्या शोधल्या. शोधू दे बापडा. लेंड्या सापडल्या तर बोलणी बसतील, पण माणूस सापडला तर नोकरीच जाईल. आधीच्या गोदामवाल्याची तशीच गेली होती. गावाहून आलेल्या मेहुण्याला त्याने वर झोपू दिलं, आणि आठवडा उलटायच्या आत मेहुणा आणि दाजी दोघंही रस्त्यावर. तेव्हाच मालकाने दारावर पाटी रंगवून घेतली होती: गोदामात माल ठेवावा, माणूस ठेवू नये.

"पाटी वाचता ना?" तपासनीसाने विचारलं.

"रोज वाचतो."

"नुसतं वाचून काय होतंय? आमच्याकडे बायको माळ्याला गोदाम म्हणते, माझ्या डोक्यालाही गोदाम म्हणते. घरी काय वाट्टेल ते म्हणा. इथे अर्थ एकच. ज्याला भूक लागत नाही त्यानेच इथे राहायचं."

गोदामवाला हसला खरा, पण त्याचा जीव सगळा वर टांगलेला होता.

आज वर कोणी फिरकू नका, असं त्याने सगळ्यांना बजावलं होतं. बाईंना तर हात जोडले होते. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचं घर विकलं गेलं, मुलाच्या दोन खोल्यांत त्यांचं सामान मावेना, म्हणून ते इथे आलं. बाई अधूनमधून यायच्या, आपल्या खोलीचं शटर वर करायच्या आणि आपल्याच आरामखुर्चीत वाचत बसायच्या.

"बाई, उद्याचा दिवस नका येऊ," त्याने काल सांगितलं होतं. "तुमच्यामुळे साहेब वर चढले तर माझी धडगत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या होत्या.

आणि आज सकाळी थर्मास घेऊन हजर. त्याच्याकडे न बघता सरळ जिना चढून गेल्या. आता म्हाताऱ्या बाईमाणसाला काय बोलणार?

तेवढ्यात वर काहीतरी पडलं. धप्पकन.

"वर कोण आहे?"

"उंदीर असतील, साहेब."

"बूट घालून हिंडतात वाटतं," तपासनीस म्हणाला आणि जिना चढायला लागला.

गोदामवाला मागोमाग निघाला. वर लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येकीला शटर आणि शटरच्या वर हवेसाठी जाळी. एकच शटर उघडं होतं आणि त्यात बाई उभ्या होत्या.

"माझं पुस्तक पडलं हो," त्या म्हणाल्या.

तपासनीसाने त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलं. पलंगावर चादर नीट घातलेली, टेबलावर कप.

"तुम्ही इथे राहता?"

"राहते मुलाकडे. इथे नुसती बसते."

"मग चादर कशाला?"

"उघडा पलंग बघवत नाही मला."

तपासनीस आत शिरला. पलंगाखाली वाकला, कपाट उघडून कपड्यांना हात लावला, कुठे शेगडी दिसते का ते पाहिलं. गोदामवाला बाहेर घाम पुसत उभा. आता हा किती वेळ लावणार? इतक्यात कुठूनसा बारीक आवाज आला, दार कुरकुरावं तसा. तपासनीसाने मान वर केली आणि नेमका तेव्हाच बाईंना ठसका लागला. असा लागला की थांबेचना. शेवटी त्यानेच त्यांना खुर्चीत बसवलं आणि थर्मासमधला चहा ओतून दिला.

"धूळ फार आहे इथे," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"म्हणूनच सांगतोय, येत जाऊ नका. ही माणसाची जागा नाही."

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. त्यांच्या वर्गातल्या एकाही मुलाला हे खरं वाटलं नसतं.

तपासनीस बोळातून पुढे निघाला. एकेक कुलूप ओढून बघत तो अगदी टोकाच्या खोलीपाशी आला.

"हे कुणाचं?"

"एकाचं बिऱ्हाड आहे, साहेब."

"मालक फिरकतो का कधी?"

"येऊन जाऊन असतो."

"घर मिळत नाही वाटतं."

"शोधतोय. परवडेल असं मिळत नाही."

"सामान खराब होतं अशाने."

"हो ना. त्याच्याही जिवाला घोर लागलाय," गोदामवाला म्हणाला.

"किल्ली आहे?"

गोदामवाल्याने खिसे चाचपले. एक, मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"राहू द्या," तपासनीस घड्याळ बघत म्हणाला. "कुलूप बाहेरून आहे म्हणजे आत कोण असणार?"

खाली उतरून त्याने मोटरसायकल सुरू केली. ती कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत गोदामवाला फाटकात उभा राहिला. मग धावतच वर आला.

"बाई, तुम्हाला मी नका येऊ म्हटलं होतं."

"ते नंतर बोला," बाई म्हणाल्या. "आधी कुलूप काढा."

त्याने गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढली. पहिल्या खेपेला ती लागलीच नाही. मग कुलूप निघालं आणि त्याने टोकाच्या खोलीचं शटर कमरेइतकं वर केलं.

"गेले का हो?" छातीशी धरलेल्या तान्ह्या लेकीला थोपटत त्याच्या बायकोने आतून विचारलं.