नवा पत्रा

"आतून कितीही घास, डाग बाहेरच्या बाजूला राहतातच," वहिनी म्हणाल्या आणि बादली त्यांनी स्वतःच खिडकीपाशी आणून ठेवली. "कठड्यावर उभी राहा, डाव्या हाताने चौकट धर, उजव्याने पूस. संध्याकाळी मुलीकडचे येणार आहेत. आल्याआल्या माणसाची नजर खिडकीवरच जाते."

धाकटीने काच सरकवली. बाहेरचा कठडा जेमतेम वीतभर रुंद. त्याच्यापुढे चार मजल्यांची मोकळी हवा. खाली गाड्यांवर पत्र्याचं छप्पर होतं. सगळे पत्रे काळवंडलेले, मधला एकच नवा कोरा, डोळ्यात खुपेल इतका चमकत होता.

गेल्या महिन्यात ह्याच खिडकीतून तिची थोरली जाऊ खाली पडली होती. तेव्हा हे काम तिच्याकडे होतं. पत्र्यावर आपटली म्हणून जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं. आता ती घरी छताकडे बघत पडून असते. कूस बदलायलाही कुणीतरी लागतं. चूल बंद पडू नये म्हणून धाकटी तिच्या जागी आली. निघताना थोरली तिला म्हणाली होती, "बाकी सांगतील ते कर. खिडकीत चढू नकोस."

"वहिनी, थोरली इथूनच पडली ना?"

"तिचं लक्ष नव्हतं गं." वहिनींनी आवाज मऊ केला. "खाली कुणाशी तरी बोलत होती. किती वेळा सांगितलं असेल तिला, जपून म्हणून. तू तशी नाहीस. तू शहाणी आहेस."

त्या दिवशी काय झालं, ते थोरलीने सांगितलेलं धाकटीला पाठ होतं. थोरलीच्या पायाखाली साबणाचं पाणी होतं. दाराची बेल वाजली. वहिनींनी स्वयंपाकघरातून हाक मारली, अगं, आधी दार उघड. थोरली 'आले' म्हणत वळली. हाक आली की आधी अंग वळतं, डोकं मागून. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या घरात राबून तेवढी सवय लागते.

"काल एसीवाला आला होता," धाकटी म्हणाली. "तोही इथूनच बाहेर उतरला. कमरेला पट्टा बांधला, दोर आत आवळून दोनदा ओढून बघितला, मगच पाय बाहेर टाकला. तुम्हीसुद्धा त्याला म्हणालात, दादा, सावकाश."

"त्याचं कामच ते. त्याला पट्टा त्याची कंपनी देते."

"मग माझी कंपनी कोण?"

वहिनी हसल्या. "तुझं काय, तू तर घरचीच. घरच्या माणसाला कसला आलाय पट्टा?"

आतल्या खोलीत वहिनींचा मुलगा आरशासमोर एकामागून एक शर्ट लावून बघत होता. धाकटीने तिकडे मान वळवली.

"त्यांना सांगा ना मग चढायला. तेही घरचेच."

वहिनींचं हसू जागच्या जागी विरलं. "तोंड सांभाळून बोल."

"बोलते. तो खालचा नवा पत्रा कुणी बसवला?"

"आम्हीच, दुसरं कोण? इमारतीची कमिटी रोज दारात उभी. गाड्यांवर पाणी गळतं म्हणून कटकट. आठवड्याच्या आत भरून दिला." वहिनी खिडकीच्या चौकटीला टेकल्या. "एवढा भुर्दंड पडला, पण तुमच्या घरी आम्ही चकार शब्द काढला नाही. माणुसकी म्हणून सोडून दिलं."

धाकटीच्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं. ती ते पिळत राहिली. पाणी संपलं तरी पिळत राहिली.

"पत्रा बदलून दिलात," ती म्हणाली. "आणि तिचं हाड?"

"फळं पाठवली होती की."

"आली फळं. ती अजून पडूनच आहे, वहिनी."

तिने बादली उचलली, मोरीत पालथी केली आणि येऊन काच लावून टाकली. काचेवर धुळीचे ओघळ होते, तसेच राहिले.

"भांडी घासते, लादी पुसते. खिडकीत चढणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस. तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतील."

"मिळतील. पण जी येईल तिला मी खाली फाटकात गाठेन. पत्रा दाखवेन, आणि मग वर पाठवेन."

उद्याची वाट तिने बघितली नाही. दुपारच्या कामाला येणाऱ्या बायकांना तिने त्याच दिवशी फाटकात अडवलं. फार बोलली नाही. नुसतं आधी पत्र्याकडे बोट केलं, मग चौथ्या मजल्याकडे. तो पत्रा कशापायी बदलला, ते एकीलाही माहीत नव्हतं. थोरली गावी गेली, असं वहिनींनी सगळ्यांना सांगितलं होतं.

एक म्हणाली, "मलाही चढवतात. मागच्या अंगाला." दुसरीने पदर तोंडाशी नेला आणि हळूच म्हणाली, "मला सातवा महिना होता तेव्हा."

त्या आपापल्या जिन्याने वर गेल्या. कामं केली. खिडकीचं निघालं तेव्हा प्रत्येकीने एकच सांगितलं: आधी पट्टा आणा. दोन घरांतून आरडाओरडा ऐकू आला. एक बाई रडत खाली आली आणि धाकटीशेजारी येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने आणखी दोघी आल्या.

संध्याकाळी पाहुण्यांची गाडी फाटकातून आत शिरली. उतरतं ऊन समोरून इमारतीवर पडलं होतं आणि मजल्यामागून मजला काचांवरचा सगळा मळ उघडा पडला होता. चौथ्या मजल्यावर वहिनी खिडकीशी येऊन हात हलवत होत्या. पाहुण्यांनी माना वर केल्या, डोळे बारीक करून शोधलं. काचेमागे बाई आहे की पडदा हलतोय, हे खालून कुणालाच कळेना.