तापलेलं चाक

तिने चाकाला हात लावला आणि चटका बसला तसा झटकन मागे घेतला. ब्रेक जळल्याचा वास येत होता.

"ब्रेक धरतोय," मास्तर म्हणाले. "मी बसल्या जागी ओळखलं. मागून कुणी दोरी लावून ओढतंय अशी चाललीय गाडी."

मास्तर म्हणजे तिचे बाबा. ड्रायव्हिंग स्कूल त्यांचंच. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली, आणि शिव्या घालून शिकवली. "ब्रेकवरचा पाय उचल! पायाला झोप लागलीय का?" ही आरोळी पार चौकापर्यंत ऐकू जायची. शिकवणाऱ्याच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, अडचणीच्या वेळी दाबायला. त्याला आपण जन्मात पाय लावला नाही, हे मास्तर पाच मिनिटांच्या ओळखीवरही सांगून मोकळे व्हायचे.

आता त्यांची उजवी पोटरी ऐकत नव्हती. संध्याकाळपर्यंत लाकूड व्हायची. डॉक्टरांनी विचारलं, "उभ्याचं काम आहे का?" मास्तर हसले. "छे हो, दिवसभर बसूनच तर असतो." तरी डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं.

म्हणजे ती सीट रिकामी होणार होती. मुलीला ती हवी होती, आणि तिच्या चुलतभावालाही. शिकवण्याचं लायसन्स तिने कधीच काढलं होतं. चुलतभावापेक्षा ती दहापट चांगली चालवायची. पण ती मुलगी होती. हे कुणी तोंडाने म्हणत नव्हतं. तोंडाने म्हणत होते, "गाडीचं पोटही उघडता आलं पाहिजे." चुलतभावाला हे कुणी विचारलं नाही. पाना कुठल्या हातात धरतात हे त्याला ठाऊक असतं तरी पुष्कळ होतं.

मास्तरांनी अट घातली. ब्रेक पॅड घरी बदल, एकटीने. मग मला बसवून फिरव. जमलं तर सीट तुझी. पॅड संपलेच होते. ते नेहमीच संपलेले असायचे. वर्षभर टिकतील तर शपथ. मास्तर दर वेळी पॅड बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

तिने पॅड बदलले. जुना ब्रेक स्पंजासारखा दबायचा, म्हणून पाइपातली हवा काढून नवं ऑइलही भरलं. पेडल असं कडक झालं की नुसतं बोट टेकवलं तरी ब्रेक लागावा. आणि पहिल्याच फेरीला चाक तापलं.

"ताई, पॅड बसवलेस की डिंकाने चिकटवलेस?" चुलतभाऊ फाटकाला टेकून उभा होता.

तिने चाक पुन्हा खोललं. पॅड दाबणारा पिस्टन नीट मागे जात होता. पिना ग्रीसमध्ये लोण्यासारख्या सरकत होत्या. जॅकवर चाक फिरवलं तर गरगर फिरलं, कुठेच काही अडकत नव्हतं.

आईने खिडकीतून हाक मारली. "जेवून तरी घ्या. चाक काही पळून जात नाही!"

"तेच तर दुखणं आहे, आई. पळतच नाहीये."

चाक बसवून ती एकटीच चौकापर्यंत जाऊन आली. चाक गार. मास्तर बसले, फेरी मारली. चाक तापलं.

"तू एकटी असलीस की चालतो आणि मी बसलो की धरतो? ब्रेकला माणसं ओळखता येतात होय?" मास्तरांनी हात झटकले. "राहू दे आता. उद्यापासून हा बसेल."

चुलतभाऊ फाटकापासून सरळ झाला.

"अजून एक फेरी, बाबा. शेवटची."

रस्ता रिकामा होता. तरी गाडी रखडत, कण्हत चालली. तिने ती कडेला घेतली. मास्तर पाय मोकळे करायला उतरले. ती त्यांच्या बाजूच्या चाकापाशी उकिडवी बसली. दार सताड उघडं होतं. डोळ्यांसमोर दुसरा ब्रेक आला, कधीच न वापरलेला.

त्याचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. तिच्या बाजूच्या पेडलवर अजून रेघा होत्या. ह्याच्यावर एकही नव्हती. मधोमध खळगा पडला होता, बुटाच्या चवड्याएवढा.

ती बघतच राहिली. संताप मस्तकात गेला. तेवढ्यात मास्तर पोटरी चोळत परत आले. पावसाचं काहीतरी बोलत सीटवर बसले आणि उजवा पाय आपण होऊन त्या खळग्यात जाऊन टेकला. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

इतकी वर्षं स्पंज झालेल्या ब्रेकमध्ये तो पाय मुरून गेला होता. थोडं घासायचं, एवढंच. तिने ब्रेक कडक केला आणि पाय उघडा पडला. रोज नव्या, थरथरत्या हातांत स्टिअरिंग द्यायचं आणि समोरून ट्रक येताना शेजारी बसायचं. ओरडायला तोंड होतं. भीती बिचारी कुठे जाणार? ती सगळी खाली पायात उतरली होती.

तिचा राग निवला. ती आत येऊन बसली. गाडी सुरू केली. चौकापर्यंत जाईल अशा आवाजात नाही, दोघांपुरतं म्हणाली, "बाबा, ब्रेकवरचा पाय उचला."

मास्तरांनी खाली पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसं पाहिलं. मग वाकून बूट काढले, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली.

गाडी सुटली. समोरून ट्रक आला. मास्तरांचा गुडघा उडाला, पण खाली गेला नाही. तिने ट्रकला वाट दिली आणि पुढे निघाली.

"उद्यापासून तूच बस," ते रस्त्याकडे बघत म्हणाले.

दिवसभर बसूनच असतो म्हणणारे मास्तर त्या सीटवर आज पहिल्यांदा नुसते बसले होते.