वाचलेला वेळ

"सेटिंगमध्ये जा आणि लढाईचं अॅनिमेशन बंद कर, आई. वेळ वाचतो," जर्मनीहून पुष्कर फोनवर सांगत होता. जाताना त्याने आपला जुना व्हिडिओ गेम घरीच ठेवला होता. त्यातले राक्षस पकडण्यात आणि लढवण्यात हेमलताबाई आता तरबेज झाल्या होत्या.

त्यांनी अॅनिमेशन बंद केलं. दुपारभर पुरणाऱ्या लढाया चहा उकळेपर्यंत आटोपल्या. राक्षसांच्या डरकाळ्याही थांबल्या आणि इचलकरंजीच्या त्या फ्लॅटमध्ये फक्त फ्रिजची घरघर उरली. मग त्यांनी अॅनिमेशन पुन्हा चालू केलं आणि आवाज वाढवला.

पुढच्या रविवारी त्याने विचारलं, "वाचतो ना वेळ?"

"खूप वाचतो रे," त्या म्हणाल्या, आणि त्याला घाई असेल म्हणून फोनही त्यांनीच आधी ठेवला.