मागं वाजणाऱ्या बांगड्या

नामानं मागं वळून बघितलं नाही. सापगावात बायकोला घेऊन निघालेला पुरुष मागं बघत नसे. रघूनं एकदा शहापूरच्या बाजाराला जाताना बघितलं होतं, तेही बायकोच्या डोक्यावरची पाटी कलली म्हणून. तेव्हापासून सगळं गाव त्याला ‘मागंबघ्या’ म्हणे. आता त्याच्या पोराचंही तेच आडनाव झालं होतं.

तेव्हा नामा नाकासमोर चालत होता आणि मागं बांगड्या वाजत होत्या. बांगड्या वाजताहेत म्हणजे बायको येते आहे. याहून जास्त चौकशी करायची गावात रीत नव्हती.

त्या साली विलायतेत लढाई पेटली होती. नामाला मात्र घोर लागला होता एका बोलण्याचा. लग्नाला पाच वर्षं झाली होती, एक मुलगीही झाली होती, पण नवराबायकोत पुरं असं एकही बोलणं अजून झालं नव्हतं. घरात अकरा माणसं. नामानं “अगो” म्हटलं की चौघी ओ देत, आणि त्यात पहिली असे ती त्याची आई, भागीरथी. रात्री कुजबुजावं, तर कुडापलीकडून बा खोकत असे. बा खोकला की घरातलं सगळं बोलणं जागच्या जागी थांबे.

म्हणून नामानं देवी शोधून काढली. गावाखाली भातसा नदीत एक लहानसं बेट होतं. चार खडक, एक करंज आणि शेंदूर फासलेला एक दगड. दगडाकडं एरवी कोणी फिरकत नसे. मळण्या आटोपल्यावर नामानं घरात सांगितलं, की देवी स्वप्नात आली आणि बायकोच्या, कमळच्या, हातची ओटी मागते आहे. देवीला नाही कोण म्हणणार? भागीरथीनं एवढंच विचारलं, की इतकी वर्षं घर मी चालवते, मग देवी माझ्या स्वप्नात का आली नाही.

वेशीपाशी आईची हाक त्याला ऐकू आली होती. तो थांबला नाही. आईच्या हाकेला थांबलं की काम लागतं, हा त्याचा जन्माचा अनुभव. तो भराभर चालू लागला. मागं बांगड्याही भराभर वाजू लागल्या. कमळचा हा उत्साह त्याला फार आवडला.

होडीत तो पुढच्या टोकाला बसला, तोंड बेटाकडं करून. बांगड्या मागच्या टोकाला बसल्या. होडीवाला उगाच हसला. जळतो मेला, असं नामाला वाटलं.

बेटावर उतरल्यावर होडी परत गेली. नामा पाण्याकडं तोंड करून खडकावर बसला. बांगड्या मागच्या खडकावर बसल्या. मळणीभर बैलांमागं फिरताना पाठ केलेलं बोलणं त्यानं मनातल्या मनात एकदा घोकून घेतलं. त्यानं आधी सांगून टाकलं, की मी तुझ्याकडं बघत नाही, मला लाज वाटते. आणि मधे बोलू नको, नाहीतर मी विसरेन.

“शेतावरनं येताना मी वळणावर उभा ऱ्हातो,” तो पाण्याला म्हणाला. “आपल्या चुलीचा धूर दिसला का मंग पाय उचलतात. तू माहेरी गेलीस तेवा बी धूर दिसायचा. पण पाय उचलत नव्हते.”

मागं काही वाजलं नाही. नामाला धीर आला. एवढ्या लांब आलोच आहोत तर सगळंच उरकून घ्यावं, म्हणून त्यानं जोडून दिलं, “आणि आईचं मनाला लावून नको घेऊ. ती तोंडाची फटकळ हाय.”

मागं बांगड्या एकदा खणकन वाजल्या.

“फटकळ कोण ते घरी गेल्यावर बघू,” मागून आवाज आला. “त्याच्या आधीचं परत बोल.”

नामा वळला. ओटीचं ताट मांडीवर घेऊन भागीरथी बसली होती. पोर रडत उठली म्हणून कमळला तिनं वेशीवरूनच परत पाठवलं होतं. देवी खोळंबू नये म्हणून ताट स्वतः घेतलं होतं. हाक मारली तर लेक पळतच सुटला. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि मग आवाज खाली आणला.

“बोल ना रे. धुराचं. तुझा बाप तीस वर्षांत एकच बोलला. मीठ कमी हाय.”

नामानं धुराचं परत सांगितलं. तिनं नदीकडं बघत ते ऐकलं, पदरानं नाक पुसलं आणि उठून ओटी भरली.

त्यानंतर देवी भागीरथीच्या स्वप्नात आली. तिला म्हणे सगळं घर दर्शनाला हवं होतं. थोरले दोघे लेक, त्यांच्या बायका, पोरंटोरं, गुळाचा खडा हातात देऊन नामाची मुलगीसुद्धा. फक्त कमळ नको; गुरांना पाणी कोण पाजणार? आणि एकट्या बाईला गुरं आवरायची नाहीत, म्हणून नामाही नको. देवीनं इतका बारीक विचार केलेला पाहून घरातल्यांनी हात जोडले.

बा म्हणाला, मी कशाला. भागीरथीनं पदर खोचला. ती पुढं चालू लागली.

ओट्यावरून नामा आणि कमळ बघत राहिले. पोरं पळत केव्हाच वेशीपार गेली होती. आई नाकासमोर चालली होती आणि तिच्या मागं वीसेक पावलांवर बा. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. बाच्या हातात बांगड्या नव्हत्या, म्हणून तो बिचारा वाटभर खोकत गेला.