दिनविशेषातली सहावी ओळ

वर्तमानपत्रात वीस वर्षं 'दिनविशेष' लिहिणारे उपसंपादक उद्याचं प्रूफ तपासता तपासता चपापले. त्यांनी पाचच घटना दिल्या होत्या. तह, भूकंप, एक शोध, दोन जन्म. त्यांच्याखाली सहावी ओळ होती.

'लपंडाव खेळताना सात वर्षांची मुलगी कारखान्याच्या रिकाम्या टाकीत लपली. भावाने गंमत म्हणून झाकण लावले.'

तो भाऊ म्हणजे ते स्वतःच. तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. झाकण परत उघडेना, म्हणून घाबरून ते घरी पळाले आणि आईला म्हणाले, "छोटी माझ्याबरोबर नव्हतीच." छोटी आठवड्यानं सापडली. ती लगेचच गेली असणार, अशी मनाची समजूत घालत त्यांनी चाळीस वर्षं काढली.

त्यांनी पान लावणाऱ्या बाईंना बोलावलं. "ही सहावी ओळ कोणी घातली?"

बाईंनी वाकून पाहिलं. "कुठली, सर? पाचच तर आहेत. बरं वाटत नाहीये का?"

बाई गेल्यावर त्यांनी ती ओळ खोडली. मग राहवेना, म्हणून त्याच्या पुढच्या दिवसाचं प्रूफ ओढलं. सगळ्यात वर छापलं होतं :

'मुलगी जिवंत. दिवसभर दादाला हाका मारल्या.'