कड

धाकटीने पिशवीतून दोन लेसा काढून टेबलावर ठेवल्या. "यातली हाताची कुठली नि मशीनची कुठली, तेवढं सांगा," ती म्हणाली. "आई म्हणायची, दोघींसाठी एकेक विणली. ही ताईची, ही माझी. मला माझ्या लेसचा भरवसा वाटत नाही."

थोरली दाराशीच उभी होती. "कशाला उकरून काढायचं? आई गेली आता."

जुन्या लेसा दुरुस्त करण्यात टेबलामागच्या बाईंची हयात गेली होती. थोरलीचा आवाज ऐकूनच त्यांना कळलं, कुठेतरी पाणी मुरतंय. त्यांनी भिंग उचललं.

थोरलीच्या लेसवर काजाचे बारीक टाके होते, सुईने एकेक घातलेले. एका फुलाला पाच पाकळ्या, शेजारच्याला चुकून सहा. मग त्यांनी धाकटीची लेस उलटी केली. फुलं सगळी एका साच्यातली, आणि मागे दोरे कापल्याची खुरटी टोकं.

बाईंनी मान वर केली. थोरली डोळ्यांनीच नको म्हणत होती. पण विचारणारी समोर बसली होती, आणि कामात खोटं बोलणं बाईंना कधी जमलं नव्हतं.

"तुमची मशीनची आहे."

धाकटीने मान डोलावली. "वाटलंच. ताईला विणलेली, मला विकतची."

"विकतची मी आणली," थोरली म्हणाली. "तुझं लग्न ठरलं तोवर आईला दिसेनासं झालं होतं. विणायला बसायची नि नुसता गुंता व्हायचा. मी तो लपवून ठेवला, ही हातात दिली. म्हटलं, झाली बघ तुझी लेस पुरी. तिने चाचपून बघितली, छान उतरली म्हणाली." ती खुर्चीत टेकली. "आंधळ्या आईला फसवलं मी. आणि तुलाही."



बाई पुन्हा धाकटीच्या लेसवर वाकल्या होत्या. "पण ही कड मशीनची नाही," त्या म्हणाल्या. "ही मागाहून घातली आहे, सुईने. टाके वाकडेतिकडे आहेत, दोन-तीन ठिकाणी सुटलेत. तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलेत."

थोरली बघत राहिली. "नंतर आई सुईत दोरा ओवून दे म्हणाली होती. कड तेवढी राहिली आहे म्हणे. मला वाटलं, हाताला चाळा हवा असेल." मग तिचा आवाज उतरला. "म्हणजे तिला कळलं होतं?"

बाईंनी दोन्ही लेसा तिच्यापुढे सरकवल्या. "डोळे मिटा. आधी तुमची बघा, मग हिची."

थोरलीने डोळे मिटले. स्वतःच्या लेसवरून बोट फिरवलं; टाका न् टाका बोटाला लागत होता. मग धाकटीच्या लेसवरून. बोट गुळगुळीत फुलांवरून सरकत कडेपर्यंत गेलं, आणि तिथेच थांबलं.